थाट वर, करामत तळघरात

1880 च्या दशकात लंडनमध्ये एका हॉटेलाचं बांधकाम चालू होतं. मालकाने कंत्राटदाराला सांगितलं, न्हाणीघरं 67 हवीत. कंत्राटदार चक्रावला. येणारे पाहुणे जमिनीवरचे की पाण्यातले, असं त्याने विचारल्याची गोष्ट हे हॉटेल आजही कौतुकाने सांगतं. त्याचंही फारसं चुकलं नव्हतं. 1887 साली जवळच, नॉर्दम्बरलँड अव्हेन्यूवर, व्हिक्टोरिया नावाचं मोठं हॉटेल उघडलं होतं. तिथे 500 पाहुण्यांची सोय होती आणि न्हाणीघरं होती चार. ज्याला अंघोळ हवी त्याने खोलीत टब मागवायचा, नोकरांनी जिने चढून गरम पाण्याच्या बादल्या आणायच्या, आणि बिलात त्याचे पैसे वेगळे. मेणबत्तीचे वेगळे, नोकराच्या सेवेचेही वेगळे. श्रीमंत माणूससुद्धा प्रवासात पारोसा राहत असेल तर त्यात नवल नव्हतं.

67 न्हाणीघरांचा हट्ट धरणाऱ्या मालकाचं नाव रिचर्ड डॉयली कार्ट आणि हॉटेलाचं नाव सव्हॉय. टेम्स नदीच्या काठावर ते 6 ऑगस्ट 1889 रोजी उघडलं. सव्हॉयविषयी लिहिताना तिथे उतरलेल्या राजेमहाराजांची, नटनट्यांची यादी देण्याची रीत पडली आहे. यादी खरी आहे आणि लांबही आहे. पण राजे काय, बऱ्याच हॉटेलांत उतरतात. सव्हॉय वेगळं ठरलं ते नळ, तारा, चुली आणि तळघरं यांच्यामुळे. तिथला थाट वरच्या मजल्यांवर दिसतो, घडतो मात्र खाली.

खालून म्हणजे किती खालून? तर थेट गटारापासून. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्सला अशी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटात पडद्यांना चुन्याचं जंतुनाशक पाणी मारूनही सभासदांना बसवेना. सगळ्या शहराचा मैला नदीत जात होता आणि भरतीबरोबर पुन्हा शहरात येत होता. लंडनकरांनी त्या उन्हाळ्याला ‘ग्रेट स्टिंक’ हे नाव दिलं. नाकाला झोंबल्यावर पार्लमेंट हललं आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याला पैसे मिळाले. त्याने नदीला समांतर जाणारी मोठी गटारं बांधली. मैला शहराच्या मध्यभागी नदीत न पडता पूर्वेला दूर नेऊन सोडला जाऊ लागला. त्यातलं एक गटार नेण्यासाठी त्याने उत्तर काठावर नदीतच भिंत घालून भराव टाकला. त्या भरावाच्या पोटात गटार आहे, शेजारून भुयारी रेल्वे जाते आणि वर रस्ता, झाडं नि बागा आहेत. हा व्हिक्टोरिया एम्बँकमेंट 1870 मध्ये खुला झाला. त्याआधी स्ट्रँड रस्त्याच्या मागचा उतार थेट चिखलात उतरत होता. नदीकडे तोंड करून हॉटेल बांधायचं कुणी मनात आणलं असतं तर पाहुण्यांना खिडक्या लावून बसावं लागलं असतं. बॅझलजेटने घाण जमिनीखाली घातली आणि मगच नदीचा देखावा पैसे मोजून बघण्याजोगा झाला.

जागेला मात्र त्याच्याही फार आधीचा इतिहास आहे. 1246 मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने ही जमीन राणीचा मामा पीटर, म्हणजे सव्हॉयचा काउंट, याला दिली. आल्प्समधल्या त्या संस्थानाचं नाव लंडनच्या जमिनीला असं चिकटलं. पुढे इथे जॉन ऑफ गाँट या राजपुत्राचा वाडा उभा राहिला. तो देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होता आणि डोईपट्टीला विटलेल्या जनतेचा सर्वांत नावडता. 13 जून 1381 रोजी एसेक्स, केंट आणि लंडनमधल्या बंडखोर शेतकऱ्यांनी नि कारागिरांनी वाडा पेटवला. त्या काळच्या बखरकारांनी लिहून ठेवलंय की बंडवाल्यांनी लूट करायची नाही असं ठरवलं होतं. चांदीची वस्तू लपवून नेणाऱ्या एकाला त्यांनी आपल्याच हाताने मारलं. काहीजण मात्र दारूच्या तळघरात शिरले आणि वरून वाडा कोसळल्यावर तिथेच अडकून मेले. त्यानंतर सातव्या हेन्रीने तिथे गोरगरिबांसाठी रुग्णालय बांधायला सांगितलं. त्याचं प्रार्थनाघर अजून हॉटेलाच्या मागे उभं आहे.

कार्टने ही जमीन घेतली ती आधी नाटकासाठी. गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीच्या संगीत नाटकांचा तो निर्माता. आपल्याकडे संगीत नाटकाने काय गारूड केलं होतं हे आठवलं तर त्या जोडीचं लंडनमधलं वजन कळेल. 10 ऑक्टोबर 1881 रोजी त्याचं सव्हॉय थिएटर उघडलं. संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळणारी जगातली पहिली सार्वजनिक इमारत ती हीच. जोसेफ स्वान याने बनवलेले सुमारे 1,200 दिवे तिथे होते आणि वीज बनवणारं यंत्र शेजारच्या मोकळ्या जागेत धडधडत असे. लोकांना धास्ती होती. गॅसच्या दिव्यांनी नाटकगृहं पेटत, हे सर्वांना ठाऊक होतं. मग ही नवी आग किती भयंकर असेल? डिसेंबरात रंगमंचावरचेही दिवे विजेचे झाले, तेव्हा कार्ट स्वतः प्रेक्षकांपुढे आला. पेटता दिवा त्याने तलम कापडात गुंडाळून फोडला आणि कापडाला साधा डागही पडला नाही हे सगळ्यांना दाखवलं.

1885 मध्ये ‘मिकाडो’ने तुफान धंदा केला आणि नाटकांच्या नफ्यातून हॉटेल आलं. नाटकं घेऊन कार्ट अमेरिकेला जात असे. तिथल्या हॉटेलांतल्या लिफ्ट, गरम पाणी, प्रशस्त न्हाणीघरं त्याने पाहिली होती. लंडनमध्ये हे का नाही, हा त्याचा साधा प्रश्न होता. वास्तुविशारद टॉमस कोलकट याच्याकडून त्याने पोलाद आणि काँक्रीटची, आगीला दाद न देणारी इमारत बांधून घेतली. तळाशी स्वतःची खोल विहीर आणि स्वतःचं वीजघर. रात्रंदिवस वीज, नळाला चोवीस तास गरम आणि गार पाणी, मजल्यामजल्यावर खालपर्यंत बोलायच्या नळ्या. दिव्याचे, अंघोळीचे, सेवेचे वेगळे पैसे नाहीत, हे जाहिरातीत ठळक छापलेलं. चौदा वर्षांनी, 1903 मध्ये, मुंबईच्या अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचं ताजमहाल हॉटेल उघडलं तेही आपली वीज आणि आपल्या लिफ्ट घेऊनच. पाण्याकाठचं भव्य हॉटेल म्हणजे शहराने नव्या यंत्रांचं मांडलेलं प्रदर्शनच, असा तो काळ होता.

हॉटेलालगत एक बोळ आहे, कार्टिंग लेन. तिथे एक जुना दिवा आहे. तो गॅसवर जळतो आणि पोकळ खांबातून खालच्या गटारातली कुजकी हवा वर ओढून जाळून टाकतो. बर्मिंगहॅमच्या जोसेफ वेब याने काढलेली ही युक्ती. लंडनमध्ये असा दिवा आता हा एकच उरला आहे. लंडनकर बोळाच्या नावातलं पहिलं अक्षर बदलून जो विनोद करतात, तो इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांनी स्वतःच ताडावा.

सुरुवातीला धंदा बेताचाच चालला. नळ उत्तम, जेवण सामान्य, अशी गत होती. कार्टने मग सेझार रिट्झला बोलावलं. स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा हा तेरावा मुलगा वेटरच्या कामापासून वर चढला होता. गिऱ्हाइकाच्या मनातलं ओठांवर यायच्या आत ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने 1890 मध्ये आपल्याबरोबर आणला ऑग्यूस्त एस्कॉफिए. जेवणाच्या दालनात रिट्झ आणि भटारखान्यात एस्कॉफिए, ही जोडी जमली आणि लंडनच्या वरच्या वर्गाची सवयच बदलली. तोवर घरंदाज बायका बाहेर, चारचौघांत जेवायला बसत नसत. सव्हॉयमध्ये त्या येऊ लागल्या. दागिने घालून, बघायला आणि दिसायला. रिट्झने त्यासाठी नियम घातले. संध्याकाळचा पोशाख सक्तीचा आणि सोबतीला पुरुष नसलेल्या बाईला प्रवेश नाही. मोकळीक देतानाही ती अशी बंद कप्प्यातून दिलेली.

एस्कॉफिएचं काम याहून मोठं आणि टिकाऊ. त्या काळचा भटारखाना म्हणजे धग, घाम, शिवीगाळ आणि दारू. चुलीपुढे उभं राहून आचारी दिवसभर बिअर ढोसत. एस्कॉफिएने आरडाओरड बंद केली, दारूला मनाई केली आणि तहानेसाठी सातूचं पेय ठेवलं. मग त्याने कामाचीच पुनर्मांडणी केली. आधी एक आचारी एक पदार्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचा. अंडी मेयरबेअर नावाचा एक पदार्थ होता: लोण्यात केलेली अंडी, भाजलेला मेंढीचा गुर्दा, वर ट्रफलचा रस्सा. एका माणसाला त्याला पंधरा मिनिटं लागत. एस्कॉफिएच्या पद्धतीत अंडी एकाने करायची, गुर्दा भाजणाऱ्याने भाजायचा, रस्सा रश्शेवाल्याने द्यायचा, आणि ताट काही मिनिटांत दालनात. सैन्यात तुकड्या असतात तशा त्याने चुलींच्या तुकड्या पाडल्या. एस्कॉफिए लष्करात आचारी होता, तिथून ही शिस्त आली असावी. आज दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकणारी मुलं सॉस वेगळा, भाजणं वेगळं, थंड पदार्थ वेगळे असे विभाग पाठ करतात, त्याचं मूळ या मांडणीत आहे. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही पंचतारांकित हॉटेलाचा भटारखाना याच चौकटीवर चालतो.

त्याच्या पदार्थांत सर्वांत गाजलं ते पीच मेल्बा. ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला सव्हॉयमध्ये उतरली होती आणि कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘लोहेनग्रिन’ या ऑपेरात गात होती. त्या ऑपेरात हंस येतो. म्हणून एस्कॉफिएने बर्फाचा हंस कोरून त्याच्या पंखांत व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच ठेवून पाठवले. आज आपण खातो त्यातला रासबेरीचा रस त्याने नंतर घातला. हंस महाग पडत असावा, तो गेला. रस राहिला.

पण हा भटारखाना उरलेलंही वाया घालवत नसे. पाहुण्यांना लावा पक्ष्याचा फक्त छातीचा भाग वाढला जाई. उरलेलं मांस गोरगरीब वृद्धांना सांभाळणाऱ्या ख्रिस्ती जोगिणी घेऊन जात आणि त्याचा पुलाव करत. एस्कॉफिएने स्वतः ही गोष्ट कौतुकाने नोंदवली आहे.

वैभवाच्या त्या वर्षांत नोकरवर्ग सगळं बघत होता. 1893 मध्ये ऑस्कर वाइल्ड इथे लॉर्ड आल्फ्रेड डग्लसबरोबर राहिला. दोन वर्षांनी समलैंगिक संबंधांवरून त्याच्यावर खटला भरला तेव्हा साक्षीला आले ते हॉटेलचे नोकर. खोली आवरणाऱ्यांनी काय पाहिलं, हे भर न्यायालयात विचारलं गेलं. इंग्लंडमधल्या सर्वांत नावाजलेल्या नाटककाराला सक्तमजुरीच्या तुरुंगात पाठवण्यात चादरी बदलणाऱ्यांच्या जबान्यांचा वाटा होता.

आणि मग मार्च 1898 मध्ये रिट्झ आणि एस्कॉफिए दोघांनाही काढून टाकलं. भटारखान्यातले आचारी सुऱ्या घेऊन अडून बसले आणि पोलीस बोलवावे लागले. वर्तमानपत्रांनी त्यावर बरंच मीठमसाला लावून छापलं. खरं कारण मात्र जवळजवळ नव्वद वर्षं दाबून ठेवलं गेलं. 3,400 पौंडांहून अधिक किमतीची दारू हिशेबाबाहेर गेली होती. एस्कॉफिए पुरवठादारांकडून दलाली घेत होता. 1900 मध्ये दोघांनी कबुलीजबाबांवर सह्या केल्या. एस्कॉफिएने सुमारे 8,000 पौंडांची जबाबदारी मान्य केली आणि त्यातले 500 भरले. हे कागद 1980 च्या दशकात बाहेर आले. तोवर दोघंही दंतकथा झाले होते. रिट्झचं नाव तर इंग्रजीत थाटमाटाचं विशेषणच बनलं. हिशेब चोख नव्हता हे खरं, पण चुलीपुढे एस्कॉफिएने आणलेली शिस्त जगाने उचलली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर आहेत आणि एकीने दुसरी पुसता येत नाही.

आचारी गेले तशी दुसऱ्या प्रकारची माणसं आली. 1899 च्या शरदात फ्रेंच चित्रकार क्लोद मोने सहाव्या मजल्यावरच्या नदीकडच्या खोलीत राहायला आला. खिडकीतून डावीकडे वॉटरलू पूल, उजवीकडे चेरिंग क्रॉसचा रेल्वेपूल, समोर दक्षिण काठावर कारखान्यांची धुराडी. पुढच्या वर्षी तो परतला तर सहावा मजला बोअर युद्धातल्या जखमी अधिकाऱ्यांना दिलेला, म्हणून त्याने पाचव्या मजल्यावर मुक्काम केला. 1901 मध्ये तिसरी फेरी. सकाळी सव्हॉयमधून पूल, दुपारनंतर पलीकडच्या सेंट टॉमस रुग्णालयातून पार्लमेंट. उजेड दर काही मिनिटांनी बदलायचा, म्हणून तो अनेक कॅनव्हास एकदम चालू ठेवायचा. एका क्षणाला साजेसा कॅनव्हास ढिगातून शोधेपर्यंत तो क्षण निघून जायचा आणि मोने वैतागायचा. एकूण शंभराच्या आसपास चित्रं झाली. त्यांतली 37 त्याने 1904 मध्ये पॅरिसमध्ये दाखवली.

मोनेला जे हवं होतं ते धुकं होतं, आणि ते धुकं निम्मं कोळशाचं होतं. पत्नीला लिहिलेल्या पत्रांत तो रविवारी कारखाने बंद असल्याची तक्रार करतो. एका सकाळी स्वच्छ हवा बघून तो घाबरलाच. मग हळूहळू चुली पेटल्या, धूर आला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. 2023 मध्ये दोन वातावरणशास्त्रज्ञांनी इंग्लिश चित्रकार टर्नर आणि मोने यांची सुमारे 100 चित्रं संगणकाने तपासली. काळ पुढे सरकतो तशा चित्रांतल्या कडा धूसर होतात आणि रंग पांढुरका होत जातो. हा बदल त्या वर्षांतल्या गंधकाच्या प्रदूषणाशी जुळतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ते धुकं केवळ चित्रकाराच्या कल्पनेतलं नव्हतं, एवढं त्यावरून म्हणता येतं. ज्या धुराने लंडनमध्ये माणसं खोकून मरत होती, त्या धुराचा सर्वांत देखणा पुरावा सव्हॉयच्या खिडकीतून रंगवला गेला.

1903-04 मध्ये हॉटेल स्ट्रँडच्या बाजूला वाढलं. आजचं प्रवेशद्वार त्या वेळचं. दारावर काउंट पीटरचा सोनेरी पुतळा आहे. दारापुढच्या छोट्या सव्हॉय कोर्ट रस्त्यावर गाड्या उजव्या बाजूने चालतात. ब्रिटनमधला हा एक प्रसिद्ध अपवाद. 1905 मध्ये शँपेनचा व्यापारी जॉर्ज केसलर याने जुन्या चौकात पाणी भरून व्हेनिस उभं केलं. पाहुणे नावेत बसून जेवले, ऑपेरा गायक कारुसो गायला आणि हत्तीच्या पिल्लाच्या पाठीवरून केक आला. पैसा कसा उधळावा याचा हा वस्तुपाठ फारसा कौतुकाचा नाही, पण हॉटेल तो विसरू देत नाही. सामान उचलणाऱ्या पोऱ्यांत त्या सुमाराला गुच्चिओ गुच्ची नावाचा इटालियन तरुण होता. श्रीमंतांच्या चामडी बॅगा वाहून त्याला जी नजर आली तिच्यातून पुढे फ्लॉरेन्समधली प्रसिद्ध पेढी निघाली, असं सांगतात.

कॅस्पर नावाच्या मांजराची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. 1898 मध्ये दक्षिण आफ्रिकेतला हिऱ्यांचा धनाढ्य व्यापारी वुल्फ जोएल याच्या पंगतीला ऐन वेळी तेराच जण उरले. सर्वांत आधी उठेल तो मरेल, असं कुणीतरी म्हणालं. आधी उठला जोएल, आणि थोड्याच आठवड्यांत जोहान्सबर्गमध्ये त्याचा गोळी घालून खून झाला. धास्तावलेलं व्यवस्थापन मग तेराच्या पंगतीला आपला एक माणूस चौदावा म्हणून बसवू लागलं. परक्या माणसासमोर खाजगी बोलणं अवघड, म्हणून 1920 च्या दशकात बेसिल आयोनिडीस याच्याकडून लाकडाचं काळं मांजर करून घेतलं. ते खुर्चीवर बसतं, गळ्याला नॅपकिन बांधला जातो आणि प्रत्येक पदार्थ त्याच्यापुढे वाढला जातो. चर्चिलने 1911 मध्ये काढलेला ‘अदर क्लब’ इथेच जमायचा. युद्धकाळात विमानदलातल्या जवानांनी कॅस्परला पळवलं तेव्हा तो परत यावा म्हणून चर्चिलने लक्ष घातलं.

दोन महायुद्धांमधलं सव्हॉय आवाजाचं होतं. बीबीसीचं पहिलं मोठं कार्यालय हॉटेलच्या पाठीमागे, सव्हॉय हिलवर, 1923 पासून 1932 पर्यंत होतं. हॉटेलातला वाद्यवृंद 1923 पासून रेडिओवर वाजू लागला. ज्यांना सव्हॉयचा दरवाजा बघायची ऐपत नव्हती ते घरातल्या स्वयंपाकघरात त्याच्या तालावर नाचू लागले. अमेरिकन बारमध्ये 1903 पासून दोन दशकं अडा कोलमन ही बाई मुख्य बारटेंडर होती. पाठोपाठ आलेल्या हॅरी क्रॅडॉकने 1930 मध्ये कॉकटेलची जी पोथी काढली ती आजही बारवाले चाळतात.

आता 1940. सप्टेंबरच्या 7 तारखेपासून जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकत होती आणि सर्वांत जास्त मार पडत होता पूर्वेकडच्या गोदी भागावर, कामगारांच्या दाटीवाटीच्या वस्तीवर. तिथे आसरे अपुरे नि तकलादू. भुयारी रेल्वेची स्थानकं लोकांना खुली करायला सरकार तयार नव्हतं. सव्हॉयच्या तळघरात मात्र पाहुण्यांसाठी बंदोबस्त चोख. खाटा, स्वच्छ चादरी, परिचारिका, आणि घोरणाऱ्यांची वेगळी सोय. 14 सप्टेंबरच्या संध्याकाळी फिल पिराटिन या कम्युनिस्ट कार्यकर्त्याने पूर्व लंडनमधली काही डझन माणसं, बायका-मुलांसकट, थेट सव्हॉयमध्ये नेली. भोंगा वाजला. भोंगा वाजल्यावर माणसांना रस्त्यावर हाकलणं व्यवस्थापनाला शक्य नव्हतं आणि पोलिसांनीही हात वर केले. तळघरात बसल्यावर त्यांनी चहा मागवला. किंमत ऐकून साध्या चहागृहातल्या भावाने द्या म्हणून घासाघीस केली. वेटरांनी तो त्याच भावाने, चांदीच्या तबकांतून आणून दिला.

विमानं लवकर परतली, रात्र थोडक्यात सरली. पण वर्तमानपत्रांत बोभाटा झाला आणि ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांचं गाऱ्हाणं साऱ्या देशाला कळलं. लोक स्थानकांत शिरतच होते, सरकारनेही काही दिवसांतच विरोध सोडला. पिराटिन 1945 मध्ये निवडून येऊन खासदार झाला. 1381 मध्ये याच जमिनीवर पूर्वेकडून आलेले लोक आग लावून गेले होते. यांनी चहा प्यायला. सव्हॉयच्या साऱ्या इतिहासात ही रात्र सर्वांत मोलाची, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

त्याच युद्धात इथल्या फ्रान्सिस लात्री या मुख्य आचाऱ्याने रेशनवर भागवणाऱ्या जनतेसाठी ‘पाई’ नावाचा एक भाजलेला पदार्थ तयार केला. बटाटा, फ्लॉवर, गाजर, नवलकोलसारखा स्वीड नावाचा कंद आणि ओटचं पीठ. मांसाचा तुकडा नाही. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन याचं नाव त्याला दिलं. लोकांनी तो खाल्ला नि नाकंही मुरडली. एस्कॉफिएच्या चुलीवरचा हा सर्वांत दूर पोचलेला पदार्थ असेल.

युद्धानंतर लढाया झाल्या त्या शेअरबाजारात. मोक्याच्या जागेवर 1953 मध्येच डाव टाकले गेले. हॉटेलचा प्रमुख ह्यू वाँटनर याने मतांचे अधिकार मूठभर शेअरांत बांधून ठेवले. 1981 मध्ये हॉटेलव्यावसायिक चार्ल्स फोर्टे याने भांडवलातला सुमारे 69 टक्के हिस्सा मिळवला, तरी मतं त्याच्याकडे 42 टक्केच आली आणि हॉटेल हाती लागलं नाही. 1985 मध्ये संस्थापकाची नात ब्रिजेट डॉयली कार्ट वारली आणि घराण्याचा धागा तुटला. 1998 मध्ये अमेरिकन गुंतवणूकदारांनी, 2005 मध्ये सौदी राजपुत्र अल-वलीद याच्या कंपनीने हॉटेल घेतलं.

डिसेंबर 2007 मध्ये सव्हॉय दुरुस्तीसाठी बंद झालं. झुंबरं, पलंग, पियानो, चमचे मिळून सुमारे 3,000 वस्तूंचा लिलाव झाला. 10 कोटी पौंडांचा अंदाज होता, खर्च 22 कोटींवर गेला. पैसा जिरला कुठे? बराचसा भिंतींच्या आत. शंभर वर्षांचे नळ, तारा, बाष्पनळ्या उपसून नव्याने टाकाव्या लागल्या. हॉटेल पुन्हा उघडलं 10 ऑक्टोबर 2010 ला, म्हणजे थिएटर सुरू झालं त्याच तारखेला.

लंडनला जाणाऱ्यांनी तिथे खोली घ्यावीच असं नाही. ती ऐपत थोड्यांचीच. एम्बँकमेंटच्या बागेतून हॉटेलची नदीकडची बाजू फुकट दिसते. कार्टिंग लेनमधला दिवा दिवसाही चालू असतो. पाच मिनिटांच्या अंतरावर सॉमरसेट हाउसमध्ये कोर्टोल्ड गॅलरी आहे. मोनेची लंडनची 21 चित्रं तिने 2024-25 मध्ये एकत्र आणून दाखवली होती, ज्या खिडक्यांतून ती रंगवली त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर. मात्र बाहेर येऊन मोनेचा वॉटरलू पूल शोधू नका. तो 1930 च्या दशकात पाडला. आजचा पूल युद्धकाळात बांधला गेला, त्यावर राबणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती, आणि टेम्सवरचे नावाडी त्याला अजून ‘बायकांचा पूल’ म्हणतात.